पाचशे नव्वद रुपयांचा अर्ज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तू पाठवलेला स्टेटमेंटचा फोटो मोठा करून नीट पाहिला. शिल्लक 1,412 रुपये होती. त्यातून किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडाचे 590 गेले, पुढच्या महिन्यात पुन्हा 590. तिसऱ्या खेपेला खात्यात 232 रुपयेच उरले होते, तरी 590 लावले आणि खातं उणे 358 वर नेलं. त्या फोटोखाली तू लिहिलंस, ‘जाऊ दे काकू, बँकेच्या नादी कोण लागणार.’ त्या ओळीने मला स्वस्थ बसू दिलं नाही. तीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला काढली आहेत. ‘जाऊ दे’ म्हणून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत आणि अर्ज देऊन पैसे घेऊन गेलेलीही. दोघांच्या तक्रारीत बहुतेक वेळा काही फरक नसायचा.

आधी रकमेकडे बघ. बँकेच्या सेवाशुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणून स्टेटमेंटमध्ये अडनिडी रक्कम दिसली की तिला 1.18 ने भाग. 590 म्हणजे 500 अधिक 90. 295 म्हणजे 250 अधिक 45. 118 म्हणजे 100 अधिक 18. गोल आकडा निघाला की तो कसला तरी चार्ज आहे हे समजावं, मग शेजारचं नॅरेशन, म्हणजे नोंदीचा तपशील, वाचावं. हे आणखी एका कारणासाठी लक्षात ठेव. पैसे परत देताना कधीकधी मूळ आकार तेवढा जमा होतो आणि वरचा जीएसटी राहून जातो. 500 आले म्हणून खूश होऊ नकोस, 590 आले का ते बघ.

तुझ्या बाबतीत काय झालंय ते सांगते. चाकणची पहिली नोकरी सोडलीस, नव्या कंपनीने दुसरीकडे खातं काढून दिलं आणि जुनं तसंच राहिलं. पगाराच्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही, पण बहुतेक बँकांत सलग काही महिने, साधारण तीन, पगार जमा झाला नाही की ते साधं बचत खातं होतं आणि मग दंड सुरू होतो. नोकरी बदलणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता नियम. रिझर्व्ह बँकेने तो 20 नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकाने घालून दिला, 1 एप्रिल 2015 पासून तो लागू झाला. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि ती भरायला महिनाभराची मुदत द्यायची. दंड तुटीच्या प्रमाणात लावायचा. आणि निव्वळ या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये. तुझ्या तिसऱ्या महिन्याचा दंड या शेवटच्या मुद्द्यावर सरळ चुकीचा आहे. पहिल्या दोन महिन्यांचं मात्र सूचना आली होती की नाही यावर ठरेल. इथे मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. मोबाइल नंबर बदलून तू बँकेला कळवलं नसशील आणि एसएमएस जुन्या नंबरवर गेले असतील, तर तो मुद्दा लुळा पडतो. तरी माग. हक्काचं काय आणि विनंतीचं काय, ते अर्जात वेगवेगळं लिही.

अर्ज साधा हवा. मी असा लिहिला असता:

‘माझ्या बचत खात्यातून किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल पुढील तीन तारखांना प्रत्येकी 590 रुपये कापले आहेत. हे खातं पगाराचं होतं. ते साध्या बचत खात्यात बदलल्याची आणि दंड लागणार असल्याची सूचना मला कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर पाठवली, ते लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या दंडामुळे खातं उणे होऊ शकत नाही. तरी तिसऱ्या वेळची रक्कम जीएसटीसह परत करावी. सूचना दिली नसल्यास पहिल्या दोन रकमाही परत कराव्यात, दिली असल्यास ग्राहक म्हणून त्यांचा सहानुभूतीने विचार व्हावा.’

बस्स. ‘लूट’, ‘फसवणूक’, ‘कोर्टात खेचीन’ यातलं काही घालू नकोस. काउंटरवरच्या मुलीने हा दंड लावलेला नाही, तो महिनाअखेरीला सिस्टिमने आपोआप लावला. पण उलटा करायचा तर कुणीतरी बसून नोंद करावी लागते, आणि बऱ्याच बँकांत मॅनेजरला ठरावीक रकमेपर्यंत तो अधिकार असतो. त्याला वरिष्ठांना दाखवायला कागद लागतो. तुझा अर्ज हा तो कागद. दोन प्रती ने, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घे. ‘पोच कशाला, मी बघतो ना’ असं कुणी गोड बोलून म्हणालं तरी पोच घेतल्याशिवाय जागचा हलू नकोस. शाखेत जाणं जमत नसेल तर बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा ईमेलने तक्रार कर आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेव. आणि पैसे परत येईपर्यंत खातं बंद करू नकोस. आधी वसुली, मग बंद.

पोचेबद्दल मी एवढी हट्टी का, ते सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी एक भाजीवाले आजोबा माझ्या काउंटरवर आले. एटीएममधून 4,000 रुपये निघालेच नाहीत, पण पासबुकात वजा झाले. मी स्क्रीनवर पाहिलं, व्यवहार यशस्वी दिसत होता. मी म्हटलं, ‘आजोबा, मशीन खोटं बोलत नाही.’ ते काही न बोलता गेले. आठवड्याने परत आले, या वेळी शेजारच्या शाळकरी मुलाकडून लिहून आणलेला अर्ज आणि त्या दिवशीचं एसटीचं तिकीट घेऊन. तिकिटावर वेळ छापलेली होती, तिच्यावरून कितीच्या सुमाराला मशीनजवळ होते ते त्यांनी लिहिलं होतं. त्या अर्जामुळे मला त्या दिवशीचा कॅश टॅली, म्हणजे मशीनमधल्या रोकडीचा हिशेब, काढावा लागला. मशीनमध्ये बरोब्बर 4,000 रुपये जास्त निघाले होते आणि ते तसेच वेगळ्या खात्यात पडून होते. पैसे दिले, माफीही मागितली. पण तो आठवडा त्यांनी उसनवारीवर काढला होता. अर्ज आला नसता तर मी पुन्हा बघितलंही नसतं, हे मला आजही बोचतं.

आता एटीएमचा नियम अधिक स्पष्ट आहे. सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार पैसे न निघता खात्यातून कट झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने आपणहून परत जमा करायचे. उशीर झाला तर दररोज 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागायची वाट न पाहता. यूपीआयने एखाद्याला पाठवलेले पैसे इकडून गेले पण तिकडे पोचले नाहीत, तर मुदत एकाच दिवसाची, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच. लोक मूळ रक्कम आली की सुटकेचा निःश्वास टाकतात आणि ते रोजचे 100 रुपये विसरतात. तू दिवस मोज.

शाखेने आणि बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, नाहीतर तिथे दाद लागत नाही. पोच तिथे कामाला येते. फी नाही, वकील लागत नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर करता येते, नाहीतर टपालाने चंदीगडच्या केंद्राकडे, मराठीत लिहिलीस तरी चालते. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मात्र वाट बघत वेळ घालवू नकोस.

एक मात्र कळकळीने सांगते. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नकोस, कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घे. समाजमाध्यमांवर बँकेला टॅग करून तक्रार लिहिलीस की बँकेचा माणूस म्हणून दुसराच कुणी तुला गाठतो आणि रिफंडची लिंक पाठवतो. रिफंडसाठी पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही. तुझ्या नकळत पैसे गेले तर त्याच क्षणी बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळव. चूक बँकेचीही नाही आणि तुझीही नाही, अशा प्रकारात तीन कामाच्या दिवसांत कळवलंस तर नुकसान तुझ्यावर येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे. उशिरागणिक तुझा वाटा वाढतो.

आणि चूक उलट झाली, कुणाचे 20,000 तुझ्या खात्यात आले, तर हात लावू नकोस. तेही लेखी कळव. ते पैसे कुणाच्या तरी दवाखान्याचे असतील.

आता आईच्या खात्याचं. 2024 च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे पहिले दोन हप्ते मिळून 3,000 रुपये आले, तेव्हा कित्येक बायकांच्या खात्यांतून जुना थकलेला दंड त्यातच वळता झाला होता. आई तेव्हा म्हणाली होती, पैसे कमी आले. मी म्हटलं, पासबुक भरून आण, आणि नंतर माझ्याकडून ते राहूनच गेलं. शिवाय मे अखेरीला 436 आणि 20 रुपये कापलेले दिसतात का बघ. ते जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते असतात. विमा चांगला आहे, मी स्वतः घेतलाय, पण आईने संमती दिली होती का हे तिला विचार. नसेल दिली, तर तोही अर्ज लिहू. दिली असेल, तर विम्याचा कागद कुठे आहे आणि वारस म्हणून कुणाचं नाव आहे, तेवढं बघून ठेवू.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, तेव्हा पहिल्या शनिवारी सकाळी ये. आईचं पासबुक, तुझं स्टेटमेंट आणि कोरे कागद आण. निळ्या शाईचं पेन माझ्याकडे आहे.

तुझी,
काकू