ठाण्यात १०४.८ वर लागणारे ‘म्यॅव’ एफएम कुठे गेले?

केवळ बायकांसाठी गप्पा करणारे ते केंद्र बंद पडले का, असे आपण विचारले आहे. ‘म्यॅव’ गेल्यावरही त्या कंप्रतेवरचे (फ्रिक्वेन्सीवरचे) प्रक्षेपण सुरूच राहिले, मात्र त्याचे नाव आणि कार्यक्रमांचे स्वरूप दोनदा बदलले. आपण ठाणेकर मुंबईचीच खासगी केंद्रे ऐकतो, त्यामुळे मुंबईतला हा बदल थेट आपल्या स्वयंपाकघरात पोचला.

‘म्यॅव’ २००७ मध्ये सुरू झाले. त्याआधी सरकारच्या २००५ च्या खासगी एफएम धोरणाने दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारे ठरावीक परवाना शुल्क काढून त्याजागी उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा आणला होता, आणि त्यामुळेच इतरांहून वेगळे काही करून पाहण्याची हिंमत केंद्रांना झाली, असे मला वाटते. नौपाड्यातल्या आमच्या घरी फळीवरच्या रेडिओच्या पट्टीवर १०४ आणि १०६ यांच्या मधोमध आईने नखरंगाचा लाल ठिपका दिला होता; पोळ्या लाटताना पिठाच्या हाताने काटा बरोबर तिथे आणता यावा म्हणून.

पुढे त्याच ठिपक्यावर हिंदी चित्रपटगीते वाजवणारे ‘ओये’ एफएम लागू लागले आणि त्यानंतर प्रेमगीतांना वाहिलेले ‘इश्क’ एफएम आले. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नसल्याने गप्पांचे विषय मुळातच मर्यादित राहतात, तर गाणी सर्वांना चालतात आणि जाहिरातदारही त्यांनाच पसंती देतात. तरीही त्या गप्पांची उणीव मला आजही मनापासून जाणवते.