बारावीनंतर पदवीसाठी जर्मनीला जाता येते का, आणि तिथले शिक्षण खरेच मोफत असते का?

आपली मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे आणि तिला अभियांत्रिकीसाठी थेट जर्मनीला पाठवावे का, असे आपण विचारले आहे. मी पदव्युत्तर शिक्षण तिथे घेतले असल्याने शुल्काचा मुद्दा आधी थोडक्यात संपवतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, दर सत्राला काही शे युरोंपर्यंतची वर्गणी तेवढी भरावी लागते. मात्र शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय असल्यामुळे बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेते. शिवाय राहण्याखाण्याच्या खर्चाची हमी म्हणून व्हिसाच्या वेळी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा बँक खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो (हा आकडा २०२४ चा) दाखवावे लागतात. तेव्हा ‘मोफत’ या शब्दावर फार विसंबू नये.

खरी अडचण पात्रतेची आहे. आपली बारावी जर्मन शालान्त परीक्षेच्या तोडीची मानली जात नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण झाल्यास किंवा भारतात पदवीचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण केल्यास संबंधित विषयाला थेट अर्ज करता येतो; एरवी ‘श्टुडिएनकोलेग’ नावाचा साधारण वर्षभराचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आणि त्याच्या शेवटची परीक्षा यांतून जावे लागते. त्यात प्रवेश मिळवण्यासाठीसुद्धा बऱ्यापैकी जर्मन यावी लागते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्रही घ्यावे लागते, आणि ते हाती यायला वेळ लागत असल्याने त्याचा अर्ज लवकर करावा.

संस्था मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत: सिद्धान्त आणि संशोधनावर भर देणारी विद्यापीठे, आणि उद्योगांतील प्रत्यक्ष कामाशी जोडलेली ‘होखशूले’. आपल्याकडे दुसऱ्या प्रकाराला उगाचच कमी लेखले जाते. नोकरी हेच उद्दिष्ट असेल तर मी होखशूलेचाच विचार आधी करीन. दोन्हीकडे हजेरीची सक्ती सहसा नसते, पण गुण बहुतांशी सत्रान्त परीक्षेवर ठरतात. एखाद्या अनिवार्य विषयात, बहुतेक ठिकाणी तीनदा, नापास झाल्यास नाव कमी होते आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत पुन्हा कुठेही घेता येत नाही. प्रवेशापेक्षा टिकून राहणे कठीण आहे, ते यामुळे.

पदवीचे बहुतांश अभ्यासक्रम जर्मनमध्ये असतात, इंग्रजीतले प्रामुख्याने पदव्युत्तर स्तरावर. म्हणून मुलगी आताच पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनासारख्या ठिकाणी भाषा शिकायला तयार नसेल, तर तिने बी.ई. इथेच करून पुढे एम.एस्सी.साठी जावे, असे माझे मत आहे.