वाचकांचे प्रश्न: जुनं तळं, उदंड मासे आणि खुंटलेली वाढ

प्रश्न: आमच्या खाजगी जमिनीत साधारण 40 गुंठ्यांचं जुनं तळं आहे. कित्येक वर्षांत त्यात कुणी जाळं टाकलेलं नाही. मासे भरपूर दिसतात, पण सगळे वीतभरही नसतात. खाद्य सुरू केलं तर वाढतील का?

उत्तर: बहुतेक वेळा नाही. तळ्याचं नैसर्गिक अन्न ठरावीक वजनाचे मासे पोसतं. समजा तुमचं तळं 200 किलो मासे पोसू शकतं. ते एक किलोचे 200 मासे असतील, नाहीतर 50 ग्रॅमचे 4000. सध्या दुसरी स्थिती दिसते. खाद्य टाकलंत तर पिल्लं जास्त जगतील आणि गर्दी वाढेल. तेव्हा आधी मासे काढायला हवेत.

त्याआधी तळ्यात नेमकं काय आहे ते पाहा. सकाळी लवकर, पाणी गार असताना, 10 ते 15 मिमी आसाचं (छिद्राचं) ओढजाळं दोन-तीन ठिकाणी ओढा. सापडलेले मासे जातीप्रमाणे वेगळे करा, प्रत्येक जातीचे 20-25 मोजून लांबी आणि वजन वहीत लिहा. डोकं मोठं, पाठ पातळ आणि पोट आत गेलेलं असेल तर मासा वयाने मोठा, पण उपाशी आहे. लहान आकारातच माद्यांच्या पोटात अंडी दिसली तर वाढ खुंटल्याची खूण पक्की.

कटला, रोहू आणि मृगळ साचलेल्या पाण्यात आपोआप प्रजनन करत नाहीत. त्यामुळे त्यांची गर्दी झाली असेल तर ती कुणी तरी सोडलेल्या बीजाची (लहान पिल्लांची), किंवा पुराच्या पाण्याबरोबर आलेली. तळ्यातच वाढत जाणारी गर्दी बहुधा चिलापीची (तिलापिया) असते, क्वचित सायप्रिनसची (कॉमन कार्प). काठाजवळ गुडघाभर पाण्यात तळाला ताटाएवढे गोल, स्वच्छ खड्डे ओळीने दिसले तर ती चिलापीच्या नरांची घरटी. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून अंडी कमी असली तरी जगतात फार. उबदार पाण्यात महिना-दीड महिन्याने ती पुन्हा अंड्यावर येते, आणि 8-10 सेंमी लांबीतही वयात येऊ शकते.

संख्येचा अंदाज हवा असेल तर खुणेची पद्धत वापरा. एका दिवशी पकडलेल्या, 10 सेंमीपेक्षा मोठ्या 120 माशांच्या शेपटीच्या पराचा वरचा कोपरा धारदार कात्रीने किंचित कापून त्यांना सोडा. आठवड्याने पुन्हा जाळं ओढा. समजा 150 मासे आले आणि त्यांत 18 खुणेचे निघाले. मग 120 गुणिले 150 भागिले 18, म्हणजे त्या आकाराचे सुमारे 1000 मासे तळ्यात आहेत. खुणेचे मासे दहापेक्षा कमी सापडले तर तो आकडा धरू नका, आणखी एकदा जाळं ओढा. दोन्ही वेळा एकाच कोपऱ्यात ओढलं तरीही हिशेब चुकतो, कारण मासे तळ्यात सारखे मिसळलेले नसतात.

प्रश्न: मग नुसतं जाळं ओढून पुरेल, की तळं रिकामंच करावं?

उत्तर: पाणी काढता येत असेल तर रिकामं करणंच उत्तम. जाळ्याने चिलापी संपत नाही. ती तळदोरीखालून चिखलात घुसून निसटते. कटला आणि चंदेरी (सिल्व्हर कार्प) वरच्या दोरीवरून उडी मारतात. शिवाय अर्धवट काढलेल्या तळ्यात उरलेल्या चिलापींना खाणं भरपूर मिळतं आणि त्या दुप्पट जोमाने पिल्लं घालतात. म्हणून जाळ्याने काढायचंच ठरवलं तर दोन आठवड्यांत पुन्हा पुन्हा ओढा आणि एका ओढीतली चिलापी पहिल्या दिवसाच्या पाचव्या हिश्शावर येईपर्यंत थांबू नका. हे काम पाणी तापण्याआधी उरका.

पाणी काढलं तर हवे ते मोठे मासे दुसऱ्या टाकीत हलवा आणि तळ उन्हात भेगा पडेपर्यंत वाळवा. वरचा काळा, कुजका वास येणारा गाळ काढा. पण सगळा खरवडू नका, खालच्या मातीतच तळ्याचं खत असतं. मग 40 गुंठ्यांना 80 ते 120 किलो चुना पसरा. मरळ आणि मांगूर ओल्या चिखलात तग धरतात. खोल डबकी राहू देऊ नका.

पाणी पूर्ण निघत नसेल तर उरलेले मासे मारायला मोहाची पेंड. तिच्यातलं सॅपोनिन कल्ल्यांतून रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फोडतं. मात्रा दर घनमीटर पाण्याला 250 ग्रॅम. इथे बहुतेकांची चूक होते: हिशेब क्षेत्रफळावर नव्हे, पाण्याच्या आकारमानावर करायचा. 40 गुंठे म्हणजे सुमारे 4000 चौरस मीटर. सरासरी खोली 1.2 मीटर असेल तर 4800 घनमीटर, म्हणजे 1200 किलो पेंड. तेच पाणी आधी अर्ध्या मीटरवर आणलं तर 500 किलोत भागतं. सरासरी खोलीसाठी काठी घेऊन निदान वीस ठिकाणी मोजा. मधली सर्वांत खोल जागा धरून हिशेब केलात तर पेंड वाया जाईल.

पेंड कुटून रात्रभर भिजवा, सकाळी सगळीकडे शिंपडा आणि रिकामं जाळं ओढून पाणी ढवळा. काही तासांत मासे वर येतात, ते लगेच काढून टाका. ते पाणी ओढ्यात किंवा शेजाऱ्याच्या तळ्यात अजिबात जाऊ देऊ नका. विषारीपणा दोन-तीन आठवडे टिकतो, नंतर पेंडीचं खत होतं. तीन आठवड्यांनी जाळीच्या पिंजऱ्यात 10-15 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) 24 तास ठेवून पाहा. एकही मेलं नाही तरच बीज सोडा. पेंडीऐवजी शेतीचं कीटकनाशक वापरायचा विचारही नको. ते गाळात राहतं आणि माणसाच्या पोटात जातं.

प्रश्न: नंतर कोणते मासे आणि किती सोडावेत?

उत्तर: खाद्य घालणार नसाल तर या आकाराच्या तळ्याला हजारभर बीज पुरे. रोज वजनाच्या 2-3 टक्के खाद्य देऊन पाण्यावर लक्ष ठेवणार असाल तर दोन हजारांपर्यंत. दहा माशांत तीन कटला, चार रोहू, तीन मृगळ हे प्रमाण ठेवा. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. जुन्या तळ्यात एखादा शिकारी मासा राहिलेला असतोच, म्हणून इवलं बीज सोडू नका. निदान 15 सेंमीचं घ्या. पिशवी 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्या आणि मासे आपणहून बाहेर पडू द्या.

प्रश्न: चिलापी आवरायला मरळ सोडला तर?

उत्तर: उपाय चांगला आहे, पण चिलापी आधी जाळ्याने कमी करूनच. शिकारी मासा साधारण स्वतःच्या एक तृतीयांश लांबीपर्यंतचं भक्ष्य गिळतो. 30 सेंमीचा मरळ 10 सेंमीची चिलापी खाईल. हाताएवढ्या जुन्या माद्यांना तो हात लावत नाही, त्या तुम्हीच काढायच्या. 15 ते 20 चिलापींमागे एक मरळ असं प्रमाण धरा. सगळे एकाच आकाराचे घ्या, नाहीतर मोठा लहानाला खातो. पुढे मरळच वाढले तर काठच्या गवताजवळ पाण्यावर पिल्लांचा नारिंगी-तांबूस पुंजका एकत्र वळताना दिसेल आणि त्याखाली पालक पहारा करत असेल. बारीक जाळीने तो पुंजकाच उचला. मरळ पावसात ओल्या जमिनीवरून निघून जातो, म्हणून बांधावर गुडघाभर उंचीची जाळी लावा.

प्रश्न: दोन दिवस ढगाळ होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे मासे तोंड वर काढून होते आणि बरेच मेले. कुणी विष टाकलं असेल का?

उत्तर: आधी कोणते मेले ते पाहा. मोठे आधी मेले असतील आणि वेळ पहाटेची असेल तर प्राणवायू संपला. विषात सगळ्या आकाराचे मासे, भर दिवसाही मरतात. ढगाळ हवेत शेवाळं प्राणवायू कमी बनवतं, पण रात्री वापरतं तेवढाच. गाळही खातो. लगेच पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा. विहिरीचं पाणी सोडायचं तर दगडांवरून पडू द्या, कारण त्यात प्राणवायू कमी असतो. खाद्य दोन-तीन दिवस बंद. शेण टाकू नका, जाळं ओढू नका, तळ ढवळू नका.

पुढे दर आठवड्याला 20 सेंमी व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चौकटींची थाळी दोरीने पाण्यात सोडा. 30-40 सेंमीवर दिसेनाशी झाली तर ठीक. 20 सेंमीच्या आतच गेली तर खाद्य आणि खत थांबवून मासे काढायला घ्या.

प्रश्न: तळाशी पाणवनस्पतींचं रान माजलंय. तणनाशक मारावं का?

उत्तर: नको. एकदम कुजलेली वनस्पती त्याच आठवड्यात प्राणवायू संपवते. दाताळ्याने एका वेळी एक तृतीयांश भाग काढा, काढलेलं काठावर ठेवू नका, आणि दोन आठवड्यांनी पुढचा भाग घ्या. त्यानंतर 25 सेंमीपेक्षा मोठे गवत्या मासे (ग्रास कार्प) 10-15 सोडले तर हायड्रिला हे पाण्याखालचं तण आटोक्यात राहतं. जलपर्णी ते जवळजवळ खात नाहीत, ती हातानेच उपटावी लागते.