वाचकांचे प्रश्न : गोठलेली लस, दुखरा दंड आणि अ‍ॅडज्युव्हंटमधली पीएचडी

लशीत रोगजंतूचा जो अंश असतो, तो अँटिजेन. त्याच्या जोडीला शरीराच्या पेशींना सावध करण्यासाठी जो पदार्थ घालतात, तो अ‍ॅडज्युव्हंट. या पदार्थाविषयी ठाणे आणि नवी मुंबईहून आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : दवाखान्यात घरगुती फ्रीज आहे. सकाळी हेपटायटिस बी आणि टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाची लस) काही बाटल्या मागच्या भिंतीला चिकटलेल्या सापडल्या, लेबलवर बर्फाचा पापुद्रा होता. आतली लस पातळच दिसते, व्हीव्हीएमचा (बाटलीवरची रंग बदलणारी खूण) रंगही बदललेला नाही. वापरू का?
– परिचारिका, कोपरखैरणे

व्हीव्हीएमवर विसंबू नका. तो फक्त उष्णता नोंदवतो, गारठ्याचं त्याला काही कळत नाही. लस गोठून पुन्हा वितळली असली तरी व्हीव्हीएम जसाच्या तसा राहतो.

या दोन्ही लशींत अँटिजेन अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराच्या बारीक जेलवर बसवलेलं असतं. लस गोठताना बर्फाचे स्फटिक जेलचे कण एकमेकांवर दाबतात, त्यांच्या गुठळ्या होतात. वितळल्यावर त्या सुटत नाहीत. फाटलेलं दूध हलवून पूर्ववत होत नाही, तसंच. अशा लशीची ताकद घटते, शिवाय टोचलेल्या जागी गाठ किंवा जंतूविरहित गळू होऊ शकतं. हेपटायटिस बी तर उणे 0.5 अंशाच्या आसपासच गोठते, त्यामुळे शून्याखाली जरा गेलं की धोका आलाच.

जी बाटली घट्ट गोठलेली डोळ्यांना दिसली, ती सरळ बाद करा, तिची चाचणी करत बसू नका. ज्यांच्याबद्दल नुसती शंका आहे, त्यांची शेक टेस्ट करा. त्याच कंपनीची, त्याच लशीची, त्याच बॅचची एक बाटली घ्या, तिच्यावर ‘गोठवलेली – वापरू नये’ असं ठळक लिहा आणि फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून पूर्ण बर्फ होऊ द्या. सकाळी ती बाहेर ठेवून आपोआप वितळू द्या, गरम पाण्यात धरू नका. मग ती आणि शंकेची बाटली एकाच हातात धरून 10-15 सेकंद जोरात हलवा, सपाट टेबलावर शेजारी-शेजारी उजेडासमोर ठेवा आणि जास्तीत जास्त 30 मिनिटं पाहा. गोठवलेल्या बाटलीत गाळ भराभर खाली बसून वर पाणी नितळ होतं. शंकेच्या बाटलीतला गाळ तितक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बसला, तर ती फेका. सावकाश बसला, गढूळपणा टिकून राहिला, तर वापरायला हरकत नाही. हेपटायटिस बी आणि टीडीची चाचणी वेगवेगळी करावी लागेल. एका लशीची बाटली दुसरीच्या तुलनेला चालत नाही. इंजेक्शनच्या पोलिओ लशीला (आयपीव्ही) ही चाचणी लागू नाही, कारण तिच्यात हे जेलच नसतं. पण गोठणं तिलाही सोसत नाही.

इथून पुढे बाटल्या मधल्या जाळीवर, भिंतीपासून सुटून आणि डब्यात ठेवा. दारात नकोत, फ्रीजरच्या कप्प्याला लागून तर नकोतच. भाजीच्या खणात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या, तर वीज गेल्यावर तापमान हळू बदलतं. थर्मामीटर दिवसातून दोनदा वाचून वहीत लिहा. हवं ते 2 ते 8 अंश. लसीकरणाला बाहेर नेताना आइसपॅक फ्रीजरमधून काढून थेट कॅरिअरमध्ये घालू नका. आधी त्यांना घाम फुटू द्या. पॅक हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला, की ते तयार. घाईच्या दिवशी हीच पायरी गाळली जाते आणि लस कॅरिअरमध्येच गोठते.

प्रश्न : वडील 67 वर्षांचे. नागिणीच्या लशीनंतर दोन दिवस दंड दुखत होता, अंग मोडून आलं, तापही आला. दुसरा डोस टाळावा का?
– नौपाडा, ठाणे

फक्त एवढ्या त्रासावरून टाळू नये. ही लस शिंग्रिक्स असावी. तिच्यातला अ‍ॅडज्युव्हंट नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बराच तिखट आहे : 50 मायक्रोग्रॅम एमपीएल (साल्मोनेला जीवाणूच्या आवरणातला, विषारीपणा काढलेला घटक) आणि 50 मायक्रोग्रॅम क्यूएस-21 (चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतलं सॅपोनिन). म्हातारपणी प्रतिकारपेशी सुस्तावतात, त्यांना हलवायला एवढं लागतं. पन्नाशीपुढच्यांच्या मोठ्या चाचणीत लस घेतलेल्या सुमारे 17 टक्के लोकांना रोजची कामं थांबतील इतका त्रास झाला, आणि त्याच चाचणीत नागिणीपासूनचं संरक्षण 97 टक्के निघालं. आधीच्या, जिवंत विषाणूच्या लशीत ते साठीपुढे जेमतेम 51 टक्के होतं. दुसरा डोस 2 ते 6 महिन्यांत घ्यायचा. पहिल्या वेळी श्वास लागणं, अंगावर गांधी उठणं असं काही झालं असेल, तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

एक गोष्ट स्वतः पाहून घ्या. ही लस दोन बाटल्यांत येते, एकीत अँटिजेनची पावडर आणि दुसरीत अ‍ॅडज्युव्हंटचं द्रव. ते द्रव पावडरीत मिसळूनच टोचायचं असतं. गडबडीत नुसतं द्रव टोचल्याच्या चुका झालेल्या आहेत : त्रास सगळा होतो, संरक्षण शून्य.

प्रश्न : जैवतंत्रज्ञानात एमएस्सी करते आहे. अ‍ॅडज्युव्हंटवर संशोधन करायचं आहे. काय शिकू, कुठे जाऊ, आणि यात माणसं कुठे अडकतात?
– नेरुळ

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण वर्षं वाया जातात ती तिथेच.

पहिला सापळा एंडोटॉक्सिनचा. ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनाबरोबर त्या जीवाणूच्या आवरणाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, येतात आणि ते स्वतःच जबरदस्त अ‍ॅडज्युव्हंट असतात. तुमचा नवा रेणू काहीच करत नसला, तरी उंदरात अँटिबॉडी वाढलेल्या दिसतात आणि प्रयोगशाळेत पेढे वाटले जातात. ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने) एंडोटॉक्सिन जात नाही. काचेची भांडी 250 अंशांवर 30 मिनिटं कोरडी तापवावी लागतात. अँटिजेन, बफर आणि रेणू, तिन्हींची एलएएल (एंडोटॉक्सिन मोजणारी) चाचणी उंदराला टोचण्याआधी करा.

दुसरा सापळा अँटिजेनच्या मात्रेचा. मात्रा भरपूर दिली, की अ‍ॅडज्युव्हंटविनाही अँटिबॉडी वर जातात आणि फरक झाकला जातो. आधी नुसत्या अँटिजेनच्या तीन-चार मात्रा तपासा आणि जिथे प्रतिसाद कमजोर आहे, तिथे अ‍ॅडज्युव्हंट घालून पाहा. गट किमान चार हवेत : नुसता बफर, नुसतं अँटिजेन, नुसता अ‍ॅडज्युव्हंट आणि दोन्ही एकत्र. पाचवा, अ‍ॅल्युमिनियमचा, तुलनेसाठी ठेवाच.

तिसरा रसायनाचा, आणि जीवशास्त्रातून आलेल्यांना तो हमखास नडतो. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडवर सामान्य पीएचला धन भार असतो, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेटवर ऋण. म्हणून आम्लधर्मी प्रथिनं पहिल्यावर बसतात आणि आम्लारिधर्मी दुसऱ्यावर. सवयीने पीबीएस (फॉस्फेट असलेला खारट बफर) वापरलं, तर त्यातलं फॉस्फेट हायड्रॉक्साइडचा पृष्ठभाग बदलतं आणि बसलेलं प्रथिन सुटतं. अँटिजेन जेलबरोबर तासभर हळू फिरवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या पाण्यात किती प्रथिन उरलं ते मोजा. काम फार नाही. पण ते न करता केलेल्या प्रयोगाचा अर्थ लावता येत नाही.

आणि उंदीर. सी57बीएल/6 जातीचे उंदीर आयजीजी2ए (टीएच1, म्हणजे पेशींमार्फत लढणाऱ्या प्रतिसादाची खूण मानली जाणारी अँटिबॉडी) बनवतच नाहीत, आयजीजी2सी बनवतात. बाल्ब/सी जातीच्या उंदरांसाठी घेतलेला अभिकारक त्यांच्यावर वापरला, तर कोरा निकाल येतो आणि ‘टीएच1 प्रतिसाद नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. टीएलआर9 हा जंतूंची खूण ओळखणारा ग्राहक (टीएलआर म्हणजे टोलसारखे ग्राहक) उंदरात माणसापेक्षा अधिक प्रकारच्या पेशींवर असतो आणि टीएलआर8 उंदरात माणसासारखा चालत नाही. उंदरात गाजलेला रेणू माणसात थंड पडतो, त्यामागे बरेचदा हेच असतं. मानवी रक्तपेशींवरची चाचणी लवकर करा.

वाचनाची दिशा : 1920च्या दशकात फ्रान्समध्ये गॅस्टन रॅमन यांना दिसलं, की टोचलेल्या जागी गळू झालेले घोडे जास्त अँटिटॉक्सिन देतात. 1926मध्ये इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी तुरटीने साका बनवलेलं घटसर्पाचं टॉक्सॉइड (विषारीपणा काढलेलं जंतूचं विष) वापरलं. हे का चालतं, याचं नीट उत्तर मात्र कुणाकडे नव्हतं. 1989मध्ये चार्ल्स जेनवे यांनी त्याला रोगप्रतिकारशास्त्रज्ञांचं झाकून ठेवलेलं गुपित म्हटलं आणि जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे ग्राहक पेशींवर असणार, अशी मांडणी केली. पुढे टोलसारखे ग्राहक सापडले आणि 2011च्या नोबेलमध्ये ब्यूटलर व हॉफमन यांचा त्यासाठी वाटा होता. आपल्याकडचं ठळक उदाहरण कोव्हॅक्सिनचं. तिच्या अर्ध्या मिलीच्या डोसमध्ये 6 मायक्रोग्रॅम निष्क्रिय विषाणू, 250 मायक्रोग्रॅम अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड जेल आणि त्यावर बसवलेला 15 मायक्रोग्रॅम टीएलआर7/8 ग्राहकांना चेतवणारा रेणू असतो. तो अ‍ॅडज्युव्हंट अमेरिकेत सुनील डेव्हिड यांच्या कंपनीने विकसित केला.

जागांचं म्हणाल, तर खारघरचं अ‍ॅक्ट्रेक तुमच्या दारात आहे. तिथला भर कर्करोगावर आहे, पण प्रतिकारशास्त्राचा पाया पक्का होतो. परळला हाफकिन आणि आयसीएमआरच्या संस्था आहेत. पुण्यात एनसीसीएस आणि आयसर, दिल्लीत एनआयआय, फरिदाबादला टीएचएसटीआय. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं. नुसती एलायझा (अँटिबॉडी मोजण्याची चाचणी) येणारे खूप आहेत. फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी मोजून ओळखण्याचं तंत्र), कणांचा आकार मोजणारी डीएलएस आणि थोडी संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा शिका; लस कंपन्यांत फॉर्म्युलेशनला हेच लागतं. आणि एक कटू गोष्ट आधीच ऐकून ठेवा : अ‍ॅडज्युव्हंटला एकट्याला परवाना मिळत नाही, तो लशीसकटच मिळतो. रेणू कितीही चांगला असो, त्याला अँटिजेन आणि पैसेवाला जोडीदार शोधावाच लागतो.

प्रश्न : 2018मध्ये महापालिकेच्या मोहिमेत मुलाला टायफॉइडची लस दिली. पत्रकात अ‍ॅडज्युव्हंटचा उल्लेख नाही. लस कच्ची का?
– घणसोली

नाही. सरकारी कार्यक्रमात टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस देणारं नवी मुंबई हे जगातलं पहिलं शहर. त्या लशीत टायफॉइड जीवाणूच्या आवरणातली 25 मायक्रोग्रॅम व्हीआय शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला रासायनिक बंधाने जोडलेली असते. नुसती शर्करा टी-पेशींना दिसत नाही, म्हणून जुनी लस दोन वर्षांखाली चालत नसे. प्रथिन जोडल्यावर टी-पेशींची मदत मिळते आणि वेगळा अ‍ॅडज्युव्हंट लागत नाही. पॅराटायफॉइडवर ही लस उपयोगी नाही, त्यामुळे पाणी उकळणं चालू ठेवा.

प्रश्न : बाळाला लस देण्याच्या आठवडाभर आधी काढा दिला आणि निघताना पॅरासिटामॉल पाजलं, तर लस चांगली लागते का?
– कळवा

काढ्याने लस ‘लागत’ नाही. अ‍ॅडज्युव्हंट काम करतो तो अँटिजेनच्या सोबत, टोचलेल्या स्नायूत आणि जवळच्या लसिकाग्रंथीत. पोटातून गेलेलं काही तिथे त्याची जागा घेत नाही. पॅरासिटामॉल आधीच देऊ नका. तान्ह्या बाळांवरच्या अभ्यासात, ताप येण्याआधीच ते दिलेल्या गटात काही लशींच्या अँटिबॉडी कमी आढळल्या. ताप चढला, बाळ किरकिर करू लागलं, तर डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेला डोस द्या. टोचलेली जागा चोळू नका.