शून्य लिहू नकोस

प्रश्न : मी नाशिकला एमएस्सी करते. निफाडकडच्या द्राक्षबागांत फवारणी करणारे २४ मजूर आणि आमच्या कॉलेजातले २४ जण यांच्या सिरममधलं (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) इंटरल्यूकिन-६ हे दाह झाला की वाढणारं प्रथिन मी एलायझाने, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने, मोजलं. सगळ्यात खालचं स्टँडर्ड (प्रमाण आधीच माहीत असलेला तुलनेचा नमुना) मिलीमागे ३.१ पिकोग्रॅमचं. सिरम पुरावं म्हणून दुप्पट पातळ केलं. ब्लँक (सिरम न घातलेल्या वाट्या) दोनच लावले, त्यांची ओडी, म्हणजे रंगाचा गडदपणा, ०.०६ आणि ०.११. कॉलेजच्या १७ जणांचे आकडे शून्य किंवा उणे आले. सर म्हणतात, शून्य लिही आणि पुढे जा. मॅडम, काय करू? आणि डिजिटल एलायझा करून बघावी का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : विद्यार्थिनी म्हणतेस म्हणून एकेरीत लिहिते. शून्य लिहू नकोस.

उणे आकडा त्या मुलांच्या रक्तातून आलेला नाही, तुझ्या वजाबाकीतून आलाय. ब्लँकची सरासरी ०.०८५. एखाद्या सिरमची ओडी ०.०७ आली की झालं उणे. दोन ब्लँक एकमेकांशी एवढे भांडत असतील तर त्यांच्या सरासरीवर कशाला भरवसा ठेवायचा? पुढच्या प्लेटला निदान आठ ब्लँक लाव. त्यांची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप), एवढी ओडी ओलांडली तरच ‘काहीतरी आहे’ म्हणायचं. ‘किती आहे’ हे सांगायला त्याहून वरची पातळी लागते : जिथे तोच नमुना पुन्हा पुन्हा लावला तरी आकडे २० टक्क्यांच्या आत राहतात.

आता पातळ करण्याचं. निरोगी माणसात हे प्रथिन मिलीमागे जेमतेम काही पिकोग्रॅम असतं. काठोकाठ भरलेल्या गंगापूर धरणात साधारण ५,६३० दशलक्ष घनफूट पाणी मावतं. त्यात पाऊण किलो साखर विरघळवलीस तर मिलीमागे पाच पिकोग्रॅमसुद्धा पडणार नाहीत. एवढंसं शोधायचं आणि त्यात आपणच पाणी घालायचं! दुप्पट पातळ केल्यामुळे मूळ सिरममधलं ६.२ च्या खालचं तुला दिसणारच नव्हतं. तेव्हा वहीत ‘६.२ पेक्षा कमी’ लिही. त्याजागी निम्मा आकडा टाकून टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांची तुलना, लावायचा मोहही आवर. २४ पैकी १७ जण या ६.२ च्या रेषेखाली असताना सरासरीला अर्थ उरत नाही. दोन्ही गटांत रेषेवर किती जण, याचीच तुलना कर.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते, आणि ती तू विचारलेली नाहीस. मजुरांचं रक्त निफाडहून आलं कसं? दुचाकीच्या डिकीतून, दुपारच्या उन्हात? कॉलेजच्या मुलांचं तर खालच्या मजल्यावर काढून लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून सिरम वेगळं झालं असणार. रक्त न फिरवता तसंच राहिलं की नळीतल्या पांढऱ्या पेशी स्वतःच सायटोकाइन (इंटरल्यूकिनसारखी निरोप्या प्रथिनं) सोडू शकतात. इंटरल्यूकिन-८ तर त्यासाठी बदनामच आहे. मग दोन गटांत फरक दिसला तर तो औषधफवारणीचा की निफाडच्या रस्त्याचा? प्रत्येक नळीची रक्त काढल्याची आणि फिरवल्याची वेळ वहीत असेल तर आधी ती काढून बघ. नसेल, तर कॉलेजच्याच चार जणांचं रक्त घे, अर्धं लगेच फिरव, अर्धं तीन तास डिकीत ठेव. एका दिवसाचं काम आहे.

मी स्वतः एका मे महिन्यात सगळे निरोगी नमुने प्लेटच्या कडेच्या रांगांत लावले होते. अभिकर्मकं (चाचणीची रसायनं) फ्रिजमधून काढून तशीच ओतली, प्लेटवर झाकणही नव्हतं. कडेच्या वेल (प्लेटमधल्या वाट्या) लवकर तापल्या, रंग जास्त आला आणि निरोगी माणसं रुग्णांपेक्षा आजारी ठरली! दोन महिने मी त्याची कारणमीमांसा लिहीत होते. तेव्हापासून दोन्ही गट एकाच प्लेटवर, मिसळून लावते.

एकेक रेणू मोजणाऱ्या डिजिटल एलायझाबद्दल तू पत्राच्या शेवटी विचारलं आहेस. २०१० च्या सुमारास ती पद्धत पुढे आली. प्रथिन पकडणारे चुंबकीय मणी एकेक करून अतिसूक्ष्म खाचांत बसवतात आणि किती खाचा उजळल्या ते मोजतात. गोदाघाटावर एकूण उजेड किती हे न बघता सोडलेले दिवेच मोजावेत तसं. पद्धत छान, पण महाग. आणि डिकीत तापलेलं रक्त तिथेही तापलेलंच. उरलेलं सिरम उणे ८० अंशांना गोठवलेलं असेल तर आधी हाय-सेन्सिटिव्हिटी किट आण, न पातळ करता लाव. नळी एकदाच वितळव. पुन्हा पुन्हा गोठवू नकोस.

प्रश्न : माझ्या रिपोर्टात इंटरल्यूकिन-६ च्या पुढे ‘१.५ पेक्षा कमी’ छापलंय. प्रतिकारशक्ती संपली का?
– एक आजोबा, पंचवटी

उत्तर : नाही हो आजोबा. आग नसताना बंबाची घंटा कशी ऐकू येईल? १.५ ही त्या यंत्राची खालची रेघ, तुमच्या तब्येतीची नव्हे. ज्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली त्यांना रिपोर्ट दाखवा. शेजाऱ्यांचा काढा मात्र या आकड्यापायी घेऊ नका.