ड्रायव्हर लिहिण्याआधी हे पत्र वाच

अनेक आशीर्वाद.

तुझी मध्यरात्रीची तक्रार वाचली. एएमडीचं ग्राफिक्स कार्ड, लिनक्स, नवा कोरा टीव्ही, आणि ४के १२० हर्ट्झ (४के चित्र, सेकंदाला १२० फ्रेम) लावलं की टर्मिनलमधली काळ्यावरची लाल अक्षरं ओल्या बोटाने पुसल्यासारखी. केबल तीनदा बदललीस म्हणे. केबल बिचारी निर्दोष आहे.

एचडीएमआय म्हणजे टीव्हीला चित्र नेणारी जोडणी; तिच्या जुन्या २.० आवृत्तीतून सेकंदाला १८ गिगाबिटच जातात. तेवढ्यात १२० फ्रेम कोंबायच्या तर रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच पाठवावी लागते. म्हणून अक्षरं भुरकट. २.१ मध्ये हीच वाट ४८ गिगाबिटची झाली. तुझ्या कार्डात ती आहे, टीव्हीत आहे, ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मात्र तिथवर जात नाही.

यात एएमडीच्या पोरांना शिव्या घालू नकोस. त्यांनी खुल्या ड्रायव्हरमधून २.१ देण्याचा प्रस्ताव मांडला होता. २०२४च्या फेब्रुवारीत कळलं, की हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने तो नाकारला. स्पेसिफिकेशन, म्हणजे मानकाचा तांत्रिक तपशील, करार करणाऱ्यांनाच मिळतं, आणि सोर्स कोड उघडा केला की ते सगळ्यांना दिसणार, ही अडचण. एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हरवर मात्र २.१ चालतं. म्हणजे कोड झाकणाऱ्याला पोर्ट पूर्ण, उघडणाऱ्याला अर्धं! डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जोडणीला ही भानगड नाही, पण टीव्हीच्या पाठीमागे ते शोधून दाखव. मला खटकतं ते इथे. गिऱ्हाइकाला दुसरी वाट असती तर फोरमने आपले कागद खुशाल कुलपात ठेवावेत.

आता तू म्हणतोस, मीच सिग्नल तपासून ड्रायव्हर लिहितो. लिही. फक्त कुणी फुटलेली स्पेसिफिकेशनची पीडीएफ पाठवली तर उघडू नकोस. एकदा ती वाचलीस की तुझा पॅच, म्हणजे ड्रायव्हरमधला बदल, कुणी निर्धास्तपणे घेणार नाही. १९८२ मध्ये कॉम्पॅकने आयबीएमच्या बायॉसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) बरोबरी केली ती दोन गट पाडून: एकाने मूळ कोड वाचून तो काय करतो ते लिहून काढलं, दुसऱ्याने मूळ न बघता नवा कोड लिहिला. तू एकटा आहेस, तेव्हा निदान वही ठेव. काय मोजलं, कधी मोजलं, तारखेसकट.

तोवर डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय करणारा अ‍ॅडॅप्टर घे. ४के १२० पूर्ण रंगात मिळू शकतं, व्हीआरआरचा (फ्रेमच्या वेगानुसार पडद्याचा वेग बदलण्याचा) मात्र भरवसा नको. पावती जपून ठेव, एकदोन परत करावे लागतील.

तुझे,
सर