तीन आणि सहा वर्षांच्या मुलांना जत्रेला न्यावं का, की जरा मोठी होऊ द्यावीत? तिथं त्यांच्यासाठी काय असतं?

आत्ताच न्या. थांबलात तर दहाव्या-अकराव्या वर्षी पोरगं पाळण्यात बसेल, मोबाइलवर फोटो काढेल आणि कधी निघायचं म्हणून मागे लागेल. बैलाच्या तोंडापुढे उभं राहून हरखून जायचं वय हेच.

'तिथं काय असतं' म्हटलं की लोक पाळणे, मौत का कुआँ, फुगे मोजायला लागतात. पाळणे पुण्यातसुद्धा लागतात, त्यासाठी एवढा प्रवास कशाला? जनावरांचा बाजार भरतो अशा जत्रेला न्या, आणि पोचल्या पोचल्या आधी बाजारात शिरा. पाळण्याकडे एकदा गेलात की पोरं तिथून हलत नाहीत.

मी मूळचा खटाव तालुक्यातला, नोकरीला पिंपरीत. आमची जत्रा पुसेगावची, सेवागिरी महाराजांची. साताऱ्याहून कोरेगावमार्गे पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की पुसेगाव येतं. मार्गशीर्षात जत्रा भरते, कडाक्याची थंडी असते. भाविक रथाला नोटांच्या माळा घालतात, त्याचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील. पण आमच्याकडच्या शेतकऱ्याची जत्रा म्हणजे खिल्लार जातीच्या बैलांचा बाजार. पांढरीशुभ्र अंगं, धनुष्यासारखी मागे वळलेली शिंगं, रानभर खुंट्या आणि दावणीच दावणी. प्रदर्शनात जनावरांचे गट दातांवर पडतात: आदत (अजून दुधाचेच दात असलेला), दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला.

गेल्या जत्रेला आम्ही दोन्ही मुलांना नेलं. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीनचा, आणि सोबत आमचे आबा. सकाळी लवकर पोचलो. शेकोट्या विझत आल्या होत्या, बैल कडबा खात होते. शिंगं बघून मुलगी माझ्या पाठीमागे लपली. एका दावणीपाशी एक म्हातारे बाबा खोंडाला, म्हणजे तरण्या बैलाला, खरारा करत बसले होते. तिला बघून म्हणाले, "ये की बाय, भिऊ नगंस. त्यो काय करत न्हाय. दात बघायचं का त्याचं?"

त्यांनी एका हातानं म्होरकी धरली आणि दुसऱ्या हातानं खोंडाचा खालचा ओठ खाली केला. खाली मधोमध दोन रुंद, नवे दात आणि दोन्ही बाजूंना बारीक दुधाचे. मग वरचा ओठ उचलला, तर तिथं पुढे एकही दात नाही, नुसती कडक हिरडी. मुलगी ओरडलीच, "आबा, याचे वरचे दात पडले!" पडले नाहीत, गाई-बैलांना वरचे पुढचे दात येतच नाहीत. आबांनी तिला तिथंच समजावलं. दुधाचे दोन पडून पक्के दोन आले की खोंड दोन-अडीच वर्षांचा, खालचे आठही पक्के झाले की जुळला, म्हणजे साधारण पाच वर्षांचा. तिचा स्वतःचा पुढचा दात तेव्हा हलत होता. दिवसभर ती दिसेल त्या बैलाचे दात विचारत फिरली आणि दुपारपर्यंत 'चार दाती हाय का?' असं थेट मालकांनाच विचारायला लागली. पुस्तकात बैलाचं चित्र दाखवून हे कुठल्या शाळेत होणार आहे?

पुढे एका जोडीचा सौदा चालला होता. दोघांचे हात उपरण्याखाली, हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, मध्ये उभे, तोंडानं कुणी आकडा बोलत नव्हतं. हात का लपवलेत म्हणून मुलीनं विचारलं. आबांनी आपलं उपरणं तिच्या हातावर टाकलं आणि आत तिची बोटं धरून दाखवली. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच, हजार की दहा हजार ते बोलण्यातून कळतं. भोवती पन्नास माणसं असली तरी भाव दोघांतच राहतो. बेरीज तिला येत होतीच, ती अशीही करता येते हे तिला त्या दिवशी कळलं.

मुलगा यातलं निम्मं माझ्या खांद्यावर झोपून होता. असू दे. उठल्यावर वासराच्या गळ्यातली घुंगरं वाजवत बसला. मग गरम जिलेबी, गोडी शेव, एक पिपाणी, एक भिंगरी आणि शेवटी एकदा पाळणा.

आता हे एवढं का लिहितोय ते सांगतो. माझा मोठा भाऊ आपल्या मुलांना जत्रेला नेत नाही. धूळ, शेण, गर्दी, पोरं आजारी पडतात, आणि 'आता बैलांना कोण विचारतं' हे त्याचं ठरलेलं. तिकीट काढून वॉटर पार्कला नेतो. आमच्या घरची खिल्लार जोडी विकून ट्रॅक्टर घेतला तेव्हापासून आमचा हा वाद आहे. ट्रॅक्टरला माझा विरोध कधीच नव्हता. पण दावण सुटली म्हणून पोरांची जनावराशी ओळखही तोडायची, हे मला पटत नाही. आणि दादा, बैलांना कोण विचारतं म्हणशील तर, 2014 ला सर्वोच्च न्यायालयाची बैलगाडा शर्यतींवर बंदी आली तेव्हा ते काही अंशी खरं होतं. डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि आज चांगल्या खोंडाचा भाव ऐकून तूच गप्प होशील. धुळीचं म्हणशील तर आपण दोघं त्याच धुळीत घोंगडीवर झोपून मोठे झालो.

तुमच्या प्रश्नातलं काळजीचं राहिलं. पाणी, टोपी, खाऊ हे तुम्हाला सांगायला नको. रथाच्या दिवशी लहान मुलांना अजिबात नेऊ नका, त्याच्या आधी किंवा नंतर न्या. आम्ही सातारकर मांढरदेवी विसरलेलो नाही. 25 जानेवारी 2005 ला काळूबाईच्या यात्रेत अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. गर्दी दाटायला लागली की दर्शन सोडा, कळसाला हात जोडून मागे फिरा. शर्यतीच्या धावपट्टीकडे कडेवरचं पोरसुद्धा नेऊ नका, सुटलेली बैलजोडी माणूस बघत नाही.

बाजारात बैलाच्या मागून जाऊ नका, त्याला दिसाल असे पुढून, खांद्याच्या बाजूनं जा, तेही मालकाला विचारून. पिपाणी आणि फुगा बाजार बघून झाल्यावरच घ्या, फुगा फुटला की गरीब बैलही दावं तोडतो. मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. दम्याचा त्रास असलेलं मूल असेल तर मात्र नेऊ नका, तिथं माझ्या भावाचं म्हणणं खरं आहे. निघण्याआधी बाजार भरणार आहे का तेही विचारा, 2022 ला लम्पी या जनावरांच्या त्वचारोगाच्या साथीमुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवले होते.

आणि दादा, हे तुझ्यापर्यंत पोचलंच तर, येत्या मार्गशीर्षात तुला जमत नसेल तर नुसती पोरं पाठव. नेण्या-आणण्याचं मी बघतो, आबाही येतो म्हणालेत.